एक्केचाळिसावं पान

१

मी माफ करणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला दयाळू-बियाळू समजायला नको.

विद्यापीठाच्या बाइंडिंग खोलीत मला सोळा वर्षं झाली. त्याआधी याच टेबलाशी माझे बाबा बसायचे. खोली ग्रंथालयाच्या तळघरात आहे. खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या चळती, आणि वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात अशी एक खिडकी. बाबांच्या वेळी सुती दोरा असायचा, आता पांढऱ्या नायलॉनचं रीळ येतं. बाकी काही बदललेलं नाही. प्रबंध, रजिस्टरं, फाटके शब्दकोश, सगळं माझ्या हातून जातं. अभ्यासवृत्तीचे अर्जसुद्धा. अर्ज सुटा द्यायचा नाही, इथे येऊन शिवून घ्यायचा, असा आमच्याकडे जुना नियम आहे. मागाहून कुणी पान घालू नये, कुणी काढू नये, म्हणून. शिवलेल्या अर्जात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही.

त्या गुरुवारी सकाळी भोंगा जिना उतरून आली आणि काही न बोलता स्टुलावर बसली. तेव्हाच मी सुई खाली ठेवली, कारण ही मुलगी गप्प बसणाऱ्यातली नाही. पीएचडी करते. मागच्या वर्षी ग्रंथालय सहाला बंद करायचा हुकूम डीननी काढला, तेव्हा हिनं पायऱ्यांवर उभं राहून दिलेली घोषणा तीन इमारती पलीकडे ऐकू गेली होती, तेही लाऊडस्पीकरशिवाय. अकरा दिवसांनी हुकूम मागे घेतला गेला आणि हिला नाव चिकटलं. तिच्याकडे एक वही असते. कुठली संस्था कुणाला पैसे देते, कागद कुठले लागतात, शेवटची तारीख कोणती, सगळं त्यात. दर सोमवारी ती त्याचा तक्ता करून कँटीनबाहेर लावते, कारण ऑफिस त्या नोटिसा लिफ्टच्या मागच्या बोर्डावर लावतं, जिथे झाडूवालीशिवाय कुणी फिरकत नाही. त्या तक्त्यावरून चौदा जणांचं शिक्षण मार्गी लागलं. स्वतःसाठी तिनं एकच अर्ज केला होता.

"मावशी, बाद झाला," ती म्हणाली.

"कशापायी?"

"गाइडचं संमतीपत्र नाही म्हणे. चाळीसच पानं आहेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रोजवही ओढली. सोमवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: भोंगा, एक्केचाळीस पानं. मी प्रत्येक अर्ज दोनदा मोजते. ते पत्र तर मला लख्ख आठवत होतं. निळ्या शाईची सही आणि गाइडचं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर.

"गाइडना सांग ना, पुन्हा सही करा म्हणून."

"ते तयार आहेत. पण तारीख गेली. शिवलेल्या अर्जाबाहेरचा कागद चालत नाही." तिनं डोळे पुसले, रागानंच. "ही अभ्यासवृत्ती नाही मिळाली तर महिनाअखेरीला माझी नोंदणी संपते. आत्यानं गावात चपलांच्या दुकानात बोलूनही ठेवलंय."

"पण पान गेलं कुठे, बाई? त्याला पाय फुटले?"

"छाननी समिती म्हणते, शिवण शाबूत आहे. म्हणजे पान नव्हतंच. नाहीतर..." ती अडखळली.

"बोल."

"नाहीतर बाइंडरकडून राहिलं असेल."

हे वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, शब्दाला शब्द. तेव्हा ते माझ्या बाबांना ऐकवलं होतं.

२

त्या वर्षी याच अभ्यासवृत्तीसाठी माझ्या धाकट्या भावानं अर्ज केला होता. एका जुन्या ट्रस्टची आहे ती. जो अभ्यासही करतो आणि चार लोकांसाठी उभाही राहतो अशा एकालाच दर वर्षी मिळते. भाऊ दोन्ही करायचा. अर्ज बाबांनी स्वतः शिवला. छाननीत संमतीपत्र सापडलं नाही. शिवण शाबूत होती. बाबांना वर बोलावून सांगितलं, तुमच्याकडून राहिलं असेल.

बाबांनी तीन दिवस टेबलाखालचा कचरा उपसला. एकेक कपटा उलगडून बघितला. त्यानंतर घरात बाप-लेक समोरासमोर जेवायला बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. महिन्याभरात भाऊ लांबच्या शहरात निघून गेला. आता एका शीतगृहात तापमानाच्या नोंदी ठेवतो. अभ्यासवृत्ती त्याच्या जिवलग मित्राला मिळाली, तो परदेशी जाऊन शिकून आला. त्याचं बरं झालं, त्यात त्याचा काय दोष, असं आम्ही तेव्हा म्हटलं. बाबा पुढे सहा वर्षं जगले आणि प्रत्येक अर्ज दोनदा मोजत राहिले. मीही मोजते.

तेव्हा हात चोळत बसलो. या खेपेला बसणार नव्हते. भोंगाला नियम पाठ असतात. तिनं सांगितलं, सात दिवसांत ट्रस्टकडे तक्रार करता येते, मग ट्रस्टच्या जजबाई येऊन सुनावणी घेतात. तिला तक्रार लिहायला बसवलं आणि मी वर अर्ज विभागात गेले.

तिथे शिक्केबाई उशीच्या अभ्र्यावर फुलं काढत होत्या. सगळे अर्ज यांच्या कपाटात राहतात. भोंगाच्या तक्त्यामुळे अर्ज चौपट झाले, रांग वाढली, आणि यांचं भरतकाम मागे पडलं. ते त्या दिवसाला चारदा बोलून दाखवायच्या.

"तुमच्या त्या भोंग्याला म्हणावं, आता जरा बंद ठेव," मला बघताच त्या म्हणाल्या.

"कपाटाची किल्ली कुठे असते हो?"

"कपाटालाच. दिवसभर कोण काढतंय-घालतंय! अहो बाइंडरबाई, माझ्यावर घालायला आलात का? चूक तुमची, नाव माझं?"

"नाव कुणाचंच घेत नाहीये मी. मला फक्त अर्ज बघू द्या. तुमच्या समोर, तुमच्या टेबलावर. उघडतसुद्धा नाही."

कुरकुरत त्यांनी अर्ज काढला. एव्हाना छाननीत ऑफिसनं पानांवर आकडे टाकले होते, एक ते चाळीस. दोरा माझाच, नायलॉन. भोकं माझीच, तीन. मी मागच्या बाजूनं मधल्या भोकावर अंगठा दाबला.

इथे थोडं सांगायला हवं. सगळं जग अर्ज शिवतं आणि मागे गाठ मारून सोडून देतं. आमच्याकडे तसं नाही. बाबांची पद्धत अशी, की गाठ टोच्यानं मधल्या भोकात ढकलायची. बाहेरून ती दिसतच नाही. पण अंगठ्याला लागते. माझी गाठ डाळीच्या दाण्याएवढी लागते.

ही लागली मोहरीएवढी.

शेजारी शिक्केबाईंनी स्वतः शिवलेली पावत्यांची फाइल होती. तिची गाठ बाहेर, ढेकणाएवढी फुगलेली. मी अर्ज परत दिला आणि जिन्यात येऊन कठडा धरून उभी राहिले. कुणीतरी दोरा कापून, पान काढून, अर्ज पुन्हा शिवला होता. मी नाही, आणि या बाईही नाहीत. ज्यानं शिवला त्याला माझ्या बाबांची गाठ येत होती.

३

दुसऱ्या दिवशी एक उंच मुलगा खाली आला. गुरांच्या दवाखान्यात काम करत पीएचडी करतो, जनावरांना टाके घालतो, म्हणून सगळे त्याला टाके म्हणतात. भोंगा बाद झाली की यादीत पुढचा नंबर त्याचाच.

"सगळे माझ्याकडे चोरासारखं बघतायत," तो धुमसत म्हणाला. "तुम्हीही बघा."

"बघतेच आहे. शिवता येतं ना तुला?"

"म्हशीचं पोट शिवतो मी!"

"मग ही वही शिवून दाखव."

मी कोरी पानं, सुई आणि दोरा पुढे केला. त्यानं खिशातून चिमटा काढला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शिवून टाकलं. गाठ बाहेर, चपटी, दोन टोकं मिशीसारखी वर उभी.

"गाठ भोकात का नाही ढकललीस?"

"गाठ ढकलतात? आमच्यात ती दिसावीच लागते. नंतर काढायची असते." मग त्याचा आवाज उतरला. "मावशी, माझा अर्ज भोंगानंच भरून दिलाय. स्वतःशीच स्पर्धा लावून घेतली तिनं. मला अशी नको ती अभ्यासवृत्ती."

त्याच्यावरचा संशय तिथेच गेला. जाता जाता तो म्हणाला, "बुधवारी दुपारी मी पोच घ्यायला गेलो होतो, तेव्हा कपाट रिकामं होतं. सगळे अर्ज तासभर डीनच्या खोलीत गेले होते."

त्यात नवल नव्हतं. छाननी समितीचे अध्यक्ष डीनच. तरी मी वर गेले. जायला निमित्तही होतं. मंगळवारी ते स्वतः माझ्या खोलीत एक जुना शब्दकोश दुरुस्तीला देऊन गेले होते, मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच. मी कापडाचे नमुने आणायला आतल्या फडताळाकडे गेले तेवढा वेळ ते बाबांच्या स्टुलावर बसले होते.

हे डीन म्हणजेच माझ्या भावाचा तो जिवलग मित्र.

"ये ताई, बस," ते म्हणाले. भावाच्या बरोबरीनं तेही मला ताईच म्हणतात. मी मात्र ते डीन झाल्यापासून अहो-जाहो करते.

"सर, तिसऱ्या आवृत्तीचा शब्दकोश आहे, कापड निळं चालेल ना?"

"चौथ्या," त्यांनी लगेच दुरुस्त केलं. "आणि खळ पातळ ठेव. तू जाड लावतेस." चहा घेऊन आलेल्या शिपायाला कप कुठल्या बाजूला ठेवायचा तेही त्यांनी सांगितलं. या माणसासमोर कुणी चुकलेलं त्याला खपत नाही आणि स्वतः चुकलोय असं तर त्याला कधी वाटतच नाही.

मी विषय काढला. त्यांनी मान हलवली, फार दुःख झाल्यासारखी.

"ताई, तुझ्याकडून राहिलं असेल. वय होतं, मोजण्यात चूक होते. तू फक्त तेवढं लिहून दे. तुझ्यावर काही कारवाई होणार नाही, ते मी बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझी नजर टेबलावर गेली होती. तिथे भोंगाच्या अर्जातल्या एका पानाची झेरॉक्स पडली होती. उलटी अक्षरं वाचायची सवय असते आम्हाला, छापखान्यात काम केलंय मी. तिच्या संशोधनाचा विषय: तीस वर्षांत अभ्यासवृत्त्या कुणाला मिळाल्या आणि कुणाला नाकारल्या. खालच्या ओळीत होतं की निवड झाल्यास ट्रस्ट तिला निवडीच्या सगळ्या जुन्या फायली उघडून देईल. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, दोनदा ओढलेली.

"सर, तुम्ही पूर्वी आमच्या खोलीत यायचात ना, भावाबरोबर?"

"गप्पा मारायला," ते हसले. "सुई कशी धरतात तेही मला माहीत नाही."

४

बाबांनी गाठ कुणाकुणाला शिकवली, ते मला ठाऊक नव्हतं. मला शिकवली ती माहीत. पण भाऊ शिकत होता तेव्हा मी दिवसभर छापखान्यात असायचे. बाबा गेल्यावर या टेबलाशी आले. म्हणून दुपारच्या सुट्टीत भावाला फोन लावला. मागे शीतगृहाची यंत्रं घरघरत होती.

"ताई? सगळं ठीक ना?"

"एक सांग. बाबांची गाठ कुणाकुणाला येते?"

"हे काय मध्येच?"

"तू आधी सांग तर."

"तुला येते. मला येते. आणि त्याला. आम्ही दोघं दुपारी बाबांपाशी बसायचो ना. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. बाबा म्हणायचे, हा प्रोफेसर झाला नाही तर चांगला बाइंडर होईल."

मी टेबलावरच्या रिळाकडे बघत राहिले. मी दोऱ्याचं मोकळं टोक नेहमी रिळाच्या खाचेत अडकवते. मंगळवारी डीन गेल्यावर ते लोंबत होतं, आणि मी स्वतःलाच वेंधळी म्हटलं होतं.

"तुझा अर्ज बाबांनी शिवला, त्या दिवशी तो होता का रे तिथे?"

"होता की. अर्ज वर नेऊन द्यायला तोच गेला. मला ताप होता." घरघर चालूच होती. "ताई, तू असं का विचारतेस?"

"सगळं पार पडलं की सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग दार लावून रडले. दुःखानं नाही. बावीस वर्षं चुकीच्या माणसांवर रागावण्यात घालवली होती. बाबांवर, भावावर, थोडी स्वतःवर. आता राग कुठे न्यायचा ते कळलं होतं, आणि खरं सांगते, मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण पुरावा काय? माझा अंगठा! तो कोण ग्राह्य धरणार? शनिवार-रविवार मी त्याच विचारात होते. अर्जात काय खोटं आहे ते मला माहीत होतं. ते त्या माणसाच्या तोंडून कसं काढायचं, एवढाच प्रश्न होता.

५

मंगळवारी अकराला सुनावणी. लांब टेबल, काचेचे पेले, मध्ये जजबाई. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात टोकदार पेन्सिल. त्यांच्यासमोर यंदाचे सातही अर्ज ठेवले होते. एका बाजूला डीन आणि शिक्केबाई, दुसऱ्या बाजूला भोंगा, टाके आणि मी.

डीन आधी बोलले. शिवण शाबूत आहे, ती बाइंडरबाईंची आहे, पान नव्हतं, नियम स्पष्ट आहे. गोड बोलले, माझ्या वयाचाही उल्लेख केला.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" जजबाईंनी मला विचारलं.

"एक विचारू का आधी? इथे शिवता कुणाकुणाला येतं?"

"मला," टाके म्हणाला. शिक्केबाईंनीही हात अर्धा वर केला.

"आणि सरांना?"

"माझ्या शर्टाचं बटणसुद्धा मला लावता येत नाही," डीन म्हणाले, आणि जजबाईंनी ते लिहून घेतलेलं मी पाहिलं.

"मग बाई, एक करा. भोंगाचा सोडून बाकीचे सहा अर्ज घ्या. मागे मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना दोरा आहे, तो बोटानं ओढा. जोर लावून."

त्यांनी ओढला. पहिला हलला नाही. दुसरा, तिसरा, सहाही तसेच. शेवटच्याला तर त्यांच्या बोटावर वळ उठला.

"आता हा."

त्यांनी भोंगाचा अर्ज घेतला आणि दोरा ओढला. तो आधी थोडा सरकला, मग गाठ सुटून अख्खा दोरा सरळ होऊन त्यांच्या हातात आला. चाळीस पानं टेबलावर पसरली. शिक्केबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"सातही अर्ज मी एकाच दिवशी शिवले, एकाच रिळातून," मी म्हणाले. "सहा सुटत नाहीत, एक सुटतो. म्हणजे तो मी शिवलेला नाही. मधे कुणीतरी उसवलाय."

"जुना दोरा असेल," डीन म्हणाले. "योगायोग."

"दोरा चांगला आहे, सर. शिवणारा कच्चा आहे." मी त्यांच्याकडे न बघता जजबाईंकडे बघत बोलले. आवाज मुद्दाम तुच्छ ठेवला. शनिवार-रविवार आरशासमोर तेवढंच घोकलं होतं. "कुणीतरी अर्धवट शिकून पळालेला माणूस. गाठ भोकात ढकलायची एवढं बघून ठेवलं, पण गाठच चुकीची घातली. माझ्याकडे शिकाऊ असता तर एका दिवसात हाकलला असता."

"चुकीची कशी?" डीन म्हणाले.

"चुकीचीच. बाबा म्हणायचे, काही जणांच्या हातात कलाच नसते."

त्यांचे कान लाल झाले. "उगाच काहीतरी बोलू नकोस. दोन वेढे पुरेसे असतात. तुझे वडील आयुष्यभर दोनच घालायचे!"

मी पाठ खुर्चीला टेकली. जजबाईंची पेन्सिल थांबली होती.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "वेढ्यांचा आकडा इथे कुणी काढला नव्हता. गाठ भोकात होती, ती मलाही दिसली नाही. आणि आता ती राहिलेलीच नाही." त्यांनी सरळ झालेला दोरा उचलून दाखवला. "यात दोन वेढे होते, हे तुम्हाला कसं कळलं?"

डीननी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"दोन बरोबरच होते, सर," मी म्हणाले. "सुती दोऱ्याला. बाबा होते तोवर सुतीच होता. ते गेल्यावर नायलॉन आला, तो निसरडा असतो. त्याला तीन लागतात. ही गाठ ज्यानं घातली त्याला बाबांनी शिकवलं होतं, आणि बाबांनंतर त्यानं कधी सुई धरली नव्हती. असा माणूस या खोलीत एकच आहे. गेल्या मंगळवारी तो माझ्या रिळापाशी एकटा बसला होता. बुधवारी हे अर्ज तासभर त्याच्या टेबलावर होते. आणि या मुलीला जुन्या फायली उघडून मिळू नयेत, असं त्याला का वाटलं, ते त्याच फायलीत सापडेल. बावीस वर्षांपूर्वीची बघा. तिथेही शिवण शाबूत आहे आणि संमतीपत्र नाही."

"हा निव्वळ सूड आहे!" डीन ओरडले.

"हो," मी म्हणाले. "आहेच."

६

उसवलेल्या अर्जाला बाहेरच्या कागदाचा नियम लागत नाही, असं जजबाईंनी तिथल्या तिथे लिहिलं. गाइडनी पुन्हा सही केली. दहा दिवसांनी यादी लागली तेव्हा मी तळघरात होते, तरी मला वाचायला जावं लागलं नाही. भोंगाचा आवाज खिडकीतून आला. रस्त्यावरचे पाय थबकले. आत्याला तिनं माझ्याच फोनवरून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसली.

डीनची खुर्ची चौकशी संपेपर्यंत गेली. चौकशीचे कागदही शिवावे लागतात. ते माझ्याकडेच आले. मी ते टेबलावर घेऊन बसले होते, तेव्हा तो आला. शब्दकोश न्यायला आलोय म्हणाला. चेहरा सुकला होता.

"ताई, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. घरी काही नव्हतं. एक पान... मला वाटलं, त्याला पुढच्या वर्षी मिळेल. मला माफ कर."

"मला ताई म्हणू नकोस," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्याला अरे-तुरे केलं. "माफी-बिफी माझ्याकडे मिळत नाही. आणि ज्याचं पान नेलंस तो मी नाही."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हातात दिला.

"ताई?" भावाचा आवाज आला. मागे यंत्रांची घरघर होती.

मी दोऱ्याला मेण लावत राहिले. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान वर केली नाही. शेवटी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. मग अडखळत, थांबत सांगितलं. अर्ज वर नेताना जिन्यात दोरा कापला, पान काढलं, पुन्हा शिवला. संमतीपत्र त्यानंच फाडलं.

भाऊ शिव्या घालेल असं मला वाटलं होतं. घालाव्यात, असंही वाटत होतं.

"म्हणजे पान मी ठेवलं होतं," भाऊ म्हणाला. "मला वाटायचं, मीच घरी विसरलो आणि बोल बाबांना लागला. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून गेलो. ताई, ऐकतेयस ना? पान मी ठेवलं होतं गं."

"ठेवलं होतंस," मी म्हणाले. "आणि बाबांनी शिवलं होतं."